सुवर्णदुर्गाचा विजेता : सर विल्यम जेम्स

लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिल नांवाच्या टेकडीवर, झाडींत, विटांचा एक तिकोनी मनोरा उभा आहे. खिडक्या टोंकदार कमानींच्या, म्हणजे गॉथिक घाटाच्या. उंची सुमारें ६३ फूट. याचें नांव ऐकतांच कोंकणांतील वाचकांचे कान टवकारतील. सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपल्या हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग!

ज्याचें हें स्मारक, तो विल्यम जेम्स वेल्समधील गरीब घरांत जन्मला. बालपणीं तो नांगरामागें चालत असे, असें सांगतात. शेत सोडून तो समुद्रावर गेला, १७४७ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत शिरला, आणि चारच वर्षांनीं तिच्या मुंबईच्या आरमाराचा अधिपति झाला.

पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळीं तुळाजी आंगरे यांचा दरारा होता. त्यांचें व नानासाहेब पेशव्यांचें वांकडें आलें आणि पेशव्यांनीं इंग्रजांचें साहाय्य मागितलें. आपलेंच आरमार मोडण्यास परक्यांस बोलवावें, हें लिहितांना आमची लेखणी अडखळते.

मुंबईकरांची जेम्सला आज्ञा नाकेबंदीपुरतीच होती. परंतु पेशव्यांचीं गलबतें दूरच घुटमळत आहेत, हें पाहून त्यानें स्वतःच पुढें होण्याचें ठरविलें. ‘प्रोटेक्टर’ हें ४४ तोफांचें जहाज त्यानें तटाच्या अगदीं जवळ नेलें. एका गोळ्यानें आंत आग लागली, ती दारूच्या कोठारास भिडली, आणि २ एप्रिल १७५५ रोजीं किल्ला पडला. करारानुसार तो पेशव्यांच्या हवालीं झाला. पुढील वर्षीं विजयदुर्गही गेला. त्या स्वारीपूर्वीं तेथील पाण्याची पाहणी जेम्सनेंच केली होती.

१७५९ त तो धनवान होऊन स्वदेशीं परतला. एल्थम येथें वाडी घेतली. पार्लमेंटचा सभासद, कंपनीचा अध्यक्ष, सरदारकी, सर्व कांहीं मिळालें. १६ डिसेंबर १७८३ रोजीं, मुलीच्या लग्नाच्याच दिवशीं, त्यास एकाएकीं मृत्यु आला. घरांतील त्या दिवसाची कल्पनाच करवत नाहीं.

पुढच्याच वर्षीं त्याच्या विधवेनें रिचर्ड जप या शिल्पज्ञाकडून हा मनोरा बांधविला व आंत किल्ल्यावरून आणलेलीं शस्त्रें मांडलीं. १९२२ सालीं तो लंडनच्या नगरसंस्थेनें विकत घेतला. १९८८ पासून बंद पडलेला, तो २०१४ मध्यें डागडुजी होऊन पुन्हां उघडला. दारावरील शिळेंत हा किल्ला मलबार किनाऱ्यावर असल्याचें कोरलेलें आहे. कोंकणचें नांव तेथें नाहीं, आंगऱ्यांचेंही नाहीं.