ताडपत्रांच्या शोधात हिमालयापलीकडे : महापंडित राहुल सांकृत्यायन



१४ एप्रिल म्हटले की आपल्यासमोर बाबासाहेबांची जयंती उभी राहते. हॉलचे बुकिंग, मुलांची भाषणे, जेवणाची यादी यांत आपण सगळे महिनाभर आधीपासून गुंतलेले असतो. याच तारखेला, १९६३ साली, दार्जिलिंगमध्ये एका माणसाचे निधन झाले. भारत विसरून गेलेले बौद्ध ग्रंथ त्याने हिमालय ओलांडून शोधून काढले होते. तिबेटी, पाली, संस्कृत, रशियन अशा कितीतरी भाषा त्याला येत होत्या. पण आयुष्याच्या शेवटच्या काळात त्याची स्वतःची स्मृती गेली होती. त्या माणसाचे नाव महापंडित राहुल सांकृत्यायन. जयंतीच्या गर्दीत त्यांची आठवण राहून जाते, म्हणून या अंकात त्यांच्याविषयी लिहितो आहे.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८९३ रोजी उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्यात, पंदहा या आजोळच्या गावी झाला. नाव केदारनाथ पांडे. घर ब्राह्मणाचे. आई लवकर गेली. आजोबा पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई होते आणि त्यांच्याकडून दूरदूरच्या मुलखांच्या गोष्टी ऐकत केदार वाढला. शाळा मिडलपर्यंतच झाली. घरातून पळून जाण्याची सवय मात्र लहानपणीच लागली. बालवयात त्याचे लग्न लावून दिले होते. ते त्याने कधी मानले नाही आणि ती मुलगी मागेच राहिली. राहुलजींच्या थोरवीचा हिशेब मांडताना ही नोंदही वहीत असायला हवी.

पुढे तो बिहारमधील परसा मठात वैष्णव साधू झाला, नाव पडले रामउदार दास. तिथे मन रमले नाही. मग आर्य समाजाकडे वळला. असहकाराच्या चळवळीत उतरला आणि बक्सर व हजारीबागच्या तुरुंगांत राहिला. प्रत्येक ठिकाणी त्याने झोकून देऊन काम केले, आणि पटेनासे झाले की ती जागा सोडली. १९२६ मध्ये लडाखची वाट धरली, तेव्हा हिमालयातील बौद्ध विहार त्याने जवळून पाहिले.

खरे वळण आले १९२७ मध्ये. श्रीलंकेत, कोलंबोजवळच्या केलनिया येथील विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकवायला कोणीतरी हवे होते. रामउदार तिथे गेले, दिवसा संस्कृत शिकवू लागले आणि उरलेल्या वेळात पाली त्रिपिटक वाचू लागले. दीड वर्षाच्या आसपास हे चालले. ईश्वर, आत्मा, वेदप्रामाण्य यांविषयी वर्षानुवर्षे पडलेल्या प्रश्नांना तिथे सरळ उत्तरे मिळाली. पण एक नवा प्रश्नही उभा राहिला. नागार्जुन, असंग, वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती हे सगळे भारतातले आचार्य. त्यांनी लिहिले संस्कृतमध्ये. मग त्यांचे मूळ ग्रंथ भारतात का मिळत नाहीत? नालंदा आणि विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्यावर ती परंपरा इथून संपली, पण बरेचसे ग्रंथ तिबेटी अनुवादात टिकले होते. तिथे अनुवाद आहेत, तर मूळ पोथ्याही कुठेतरी असतील, असे त्यांना वाटले. ते शोधायला जायचे ठरले.

आज आपण व्हिसा, विमान आणि हॉटेल मोबाईलवरून ठरवतो. राहुलजींकडे यातले काहीच नव्हते. तिबेट परक्यांना बंद होता. इंग्रज सरकारच्या लेखी ते तुरुंगात जाऊन आलेले राजकीय कार्यकर्ते होते, त्यामुळे परवानगीची आशा नव्हती. राणांच्या राजवटीतील नेपाळमध्येही भारतीयांना सहज प्रवेश नसे, फक्त शिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना सोडत. १९२९ च्या शिवरात्रीला राहुलजी त्या गर्दीतून नेपाळमध्ये शिरले, यात्रा संपल्यावर लपून मागे राहिले आणि तिबेटी कपडे चढवून भिकाऱ्याच्या वेशात पुढे निघाले. सोबतीला एक मंगोल भिक्खू होते, त्यांना ते सुमती म्हणत.

त्या वाटेचे वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सोळा-सतरा हजार फुटांवरची खिंड, दोन्ही बाजूंना मैलोन्मैल गाव नाही. दरोडेखोरांना अशी जागा सोयीची. पण भिकाऱ्याला कोण लुटणार? कोणी संशयास्पद दिसला की टोपी काढून, जीभ बाहेर काढून भीक मागायची, म्हणजे जीव वाचतो. खिंडीच्या माथ्यावर दगडांचा ढीग, जनावरांची शिंगे आणि रंगीबेरंगी कापडाच्या पताका. दक्षिणेकडे बर्फाच्छादित शिखरांची रांग, दुसरीकडे उघडेबोडके डोंगर, त्यांवर ना झाड ना बर्फ. खाली उतरले की तिङ्रीचे विस्तीर्ण मैदान, चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले. पाठीवर ओझे, डोक्यावर कडक ऊन. खायला सत्तू आणि प्यायला मीठ-लोणी घालून घुसळलेला चहा.

या प्रवासात त्यांच्या नजरेने टिपलेली एक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. तिथल्या घरात अनोळखी माणूस आतपर्यंत जाऊ शकत होता. आपल्याजवळची चहाची पत्ती घरच्या बाईच्या हाती द्यावी, ती चहा करून देई. कोणी जात विचारत नव्हते, विटाळ मानत नव्हते, बायका पडद्यात नव्हत्या. भारतात ज्या काळी महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी आपल्या लोकांना सत्याग्रह करावा लागला, त्याच काळातली ही गोष्ट. अर्थात राहुलजींनी तिबेटची आरती ओवाळली नाही. जमिनी जहागिरदारांच्या हाती आहेत, त्यांतला मोठा वाटा मठांचा आहे, शेतकऱ्याला वेठबिगारी करावी लागते आणि मठातून आलेला भिक्खू तिथे राजासारखा वागतो, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. चीवर पाहून त्यांनी डोळे मिटले नाहीत.

वाटेत शेकर विहारात त्यांना कंजूरच्या हस्तलिखित १०३ पोथ्या दिसल्या. कंजूर म्हणजे बुद्धवचनांचा तिबेटी संग्रह. एकेक पोथी इतकी जड की उचलताना दोन हात लागावेत. राहुलजी तिथेच आसन मांडून वाचत बसले. सुमतींना आसपासच्या गावांतील आपल्या यजमानांकडे जायचे होते. त्यांनी विचारले, तेव्हा राहुलजींनी त्यांना आनंदाने जाऊ दिले. पोथी हाती आली की या माणसाला प्रवासाचा शीण आठवत नसे.

जुलै १९२९ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. पुढच्या वर्षी परतले ते खेचरांवर कंजूर-तंजूरचे ग्रंथ आणि जुनी पटचित्रे लादून. ही चित्रे पुढे पाटण्याच्या संग्रहालयात गेली. मग जून १९३० मध्ये श्रीलंकेत त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि नाव घेतले राहुल, बुद्धपुत्राचे.

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. पण मूळ संस्कृत ताडपत्रे अजून सापडली नव्हती. म्हणून १९३४, १९३६ आणि १९३८ असे आणखी तीनदा ते तिबेटात गेले. साक्य, ङोर आणि शालू या विहारांत अखेर खजिना उघडला. १९३६ मध्ये साक्य विहारातील एक बंद ग्रंथालय त्यांच्यासाठी उघडले गेले. आत धुळीचा जाड थर होता आणि त्याखाली शतकानुशतके कोणी न वाचलेली ताडपत्रे. तिबेटच्या पठारावर ताडाचे झाड उगवत नाही. म्हणजे त्यातले प्रत्येक पान कोणीतरी दक्षिणेकडून पाठीवर किंवा खेचरावर घालून डोंगर चढवून आणले होते. विक्रमशिलेचे आचार्य शाक्यश्रीभद्र तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या शिष्यांसह तिबेटात गेले होते. घर जळत असताना जे वाचवता आले ते अशा माणसांनी वाचवले, आणि थंड, कोरड्या हवेने ते सांभाळले.

मी आयटीत काम करतो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे : महत्त्वाच्या माहितीची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. भारतीय बौद्ध विचारांची ही दुसरी प्रत तिबेटात होती. पण नुसती प्रत असून भागत नाही. ती परत आणणारा लागतो आणि उघडून वाचणाराही लागतो. विहारांतून पोथ्या बाहेर नेता येत नव्हत्या. म्हणून राहुलजींनी जमेल तेवढ्यांचे फोटो काढले, काहींच्या नकला हाताने उतरवल्या, बाकीच्यांच्या याद्या केल्या. अम्दोचे विद्वान गेंदुन छोफेल त्यांच्या सोबत हिंडले. पाटण्याचे इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांनी मागून भक्कम पाठबळ दिले.

या शोधातून धर्मकीर्तींचे तर्कग्रंथ, त्यांवरच्या टीका, नागार्जुनांची विग्रहव्यावर्तनी, असंगांची योगाचारभूमी असे ग्रंथ मूळ भाषेत अभ्यासकांसमोर आले. धर्मकीर्ती हे सातव्या शतकाच्या सुमाराचे. त्यांनी बुद्धी मंदावल्याची लक्षणे मोजली आहेत. ग्रंथप्रामाण्य, जगाचा कर्ता मानणे, तीर्थस्नानाने पुण्य मिळते असे समजणे, आणि त्याच यादीत जातीचा गर्व! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटते, ते वेगळे सांगायला नको. जातीला नकार ही कालपरवाची तक्रार नाही. तो या मातीतला जुना, तर्काने सिद्ध केलेला विचार आहे, आणि आपल्यापासून तो शेकडो वर्षे दूर पडलेला होता.

राहुलजींनी पुढे चीवर उतरवले. ते साम्यवादी झाले, बिहारच्या शेतकऱ्यांसाठी लढताना १९३९ मध्ये डोक्यावर लाठी खाल्ली, पुन्हा तुरुंगात गेले. लेनिनग्राडमध्ये शिकवले, तिथे संसार केला, आणि पुढे भारतात पुन्हा घर मांडले. पुनर्जन्मासारख्या गोष्टी त्यांनी मानल्या नाहीत. काहींना यात धरसोड दिसते. मला त्यात कालामांना दिलेला उपदेश दिसतो : तपासून पाहा, पटले तर स्वीकारा. बुद्धांविषयीचा त्यांचा आदर शेवटपर्यंत कमी झाला नाही.

विद्यालंकारमधील त्यांचे सहकारी आणि गुरुबंधू भदंत आनंद कौसल्यायन आपल्या नागपूरकरांना चांगले ठाऊक आहेत. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ हिंदीत आणला तो त्यांनीच. केलनियाच्या त्या परिवेणातून निघालेली वाट अशी दीक्षाभूमीपर्यंत येऊन पोहोचते.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने मला विचारले, बाबा, आपल्याकडे एवढी पुस्तके आहेत, त्यातली तुम्ही वाचली किती? मी गप्प बसलो. बाबासाहेबांचे खंड आमच्या दिवाणखान्यात ओळीने लावलेले आहेत. भारतातून सामानाचे वजन मोजून, कपडे कमी करून आणले होते. त्यांतल्या काहींवर आता धूळ आहे. साक्यमधली ती बंद खोली मला तेव्हा आठवली.

या १४ एप्रिलला फुले वाहू, मेणबत्ती लावू. सोबत आपल्या कपाटातील एक पुस्तक खाली काढू, धूळ झटकू आणि मुलांना शेजारी बसवून पहिले पान वाचू. एक माणूस चार वेळा डोंगर ओलांडून गेला. आपल्याला फक्त दिवाणखाना ओलांडायचा आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.