अण्णादुराई आणि तांदळाचे माप

१९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला अनेक धक्के बसले. मुंबईत स. का. पाटील यांच्यासारखा मातब्बर नेता जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून पराभूत झाला. पण दिल्लीतील पक्षश्रेष्ठींना सर्वांत अनपेक्षित ठरली ती विरुदुनगरची बातमी. पक्षाध्यक्ष के. कामराज आपल्याच गावात एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून १,२८५ मतांनी हरले होते. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम यांचीही जागा गेली होती. शाळकरी मुलांच्या दुपारच्या जेवणाची योजना राज्यभर नेणारे कामराज तांदळाच्या प्रश्नावर लढल्या गेलेल्या निवडणुकीत हरावेत, यातील विसंगती आजही विचार करायला लावते. ती समजून घ्यायची, तर त्यांच्या पक्षाला हरविणाऱ्या सी. एन. अण्णादुराई यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

अण्णादुराई यांचा जन्म १५ सप्टेंबर १९०९ रोजी कांचीपुरम येथील विणकर समाजातील एका साध्या कुटुंबात झाला. घरच्या ओढगस्तीमुळे शिक्षण मध्येच थांबवून त्यांना नगरपालिकेत कारकुनी करावी लागली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातून त्यांनी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांत पदवी मिळविली. काही काळ शिक्षकी, मग पत्रकारिता आणि पेरियार रामस्वामी यांच्या चळवळीत प्रवेश, असा त्यांचा प्रवास झाला. १९३६ मध्ये लढविलेली मद्रास महापालिकेची निवडणूक ते हरले. पेरियार यांच्यापासून वेगळे होऊन सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघमची स्थापना केली. नाटके आणि चित्रपटकथांमधून जमीनदाराच्या वाड्यातील मोलकरणीचे आणि कर्जबाजारी कुळाचे दुःख त्यांनी लोकांपुढे मांडले. १९५३ मध्ये हातमागाचा माल पडून राहिला आणि विणकरांच्या घरी चूल पेटेनाशी झाली, तेव्हा ते सहकाऱ्यांसह खांद्यावर कापड टाकून रस्तोरस्ती विकत फिरले. कांचीपुरमच्या माणसाला हे दुःख पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

तरीही याच कांचीपुरमने १९६२ मध्ये त्यांना पाडले. १९५७ मध्ये त्यांना विधानसभेत पाठविणाऱ्या मतदारांनी या वेळी काँग्रेसच्या एका बसमालकाला पसंती दिली. द्रमुकची संख्या १५ वरून ५० वर गेली, पण नेता बाहेर राहिला. गरीब मतदार गरिबांची बाजू घेणाऱ्यालाच मत देतो, हा समज किती भाबडा आहे, हे या एका निकालातून दिसते. ज्याच्याकडे साधने आहेत, जो आपले काम करून देऊ शकतो, अशा उमेदवाराकडे अडलेल्या माणसाचा ओढा असणे स्वाभाविक असते. कायमची गरिबी सरकारविरोधी मत घडवतेच असे नाही; बहुधा ती नशिबाच्या खाती टाकली जाते.

पराभवानंतर अण्णादुराई राज्यसभेवर आले. दिल्लीतील जाणकारांना त्यांची ओळख झाली ती १९६२ मध्ये स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सभागृहात मांडणारे खासदार म्हणून. चीनच्या आक्रमणानंतर आणि १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर त्यांनी ती मागणी सोडून दिली. यामुळे पक्ष वाचला, पण त्याचबरोबर पक्षाचा जुना मंत्रही गेला. आता लोकांशी बोलायचे ते कशाविषयी, हा प्रश्न होता.

उत्तर परिस्थितीनेच दिले. १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलनाने राज्य पेटले. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी देशभर पावसाने दगा दिला, अमेरिकेच्या गव्हावर दिवस काढण्याची वेळ आली आणि जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. मद्रास राज्यात तांदूळ महागला आणि दुर्मिळही झाला. येथे १९६२ आणि १९६७ मधला खरा फरक लक्षात घ्यायला हवा. धान्याची वसुली सरकार करी, परराज्यातून येणाऱ्या धान्यावर निर्बंध सरकारचे, शिधादुकानाची रांगही सरकारचीच. कष्टाला आता सरकारी पत्ता मिळाला होता. पूर्वीही पोट अर्धेच भरत असेल, पण कालच्यापेक्षा आज ताटात कमी येते आणि त्याला अमुक एक मंत्रालय जबाबदार आहे, हे गृहिणीला कळू लागले होते.

अण्णादुराई यांनी नेमके हेच हेरले. रुपयाला तीन पडी तांदूळ देण्याचे आश्वासन त्यांच्या पक्षाने दिले. पडी हे तिथले धान्य मोजण्याचे माप, आपल्याकडच्या शेर-पायलीसारखे. महागाईच्या निर्देशांकावर भाषण करण्याऐवजी त्यांनी स्वयंपाकघरातील माप मतदाराच्या हातात दिले. उद्दिष्ट तीन मापांचे असले, तरी खात्री एकाच मापाची, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. अर्थशास्त्राच्या पदवीधराला तिजोरीचा अंदाज नसेल, असे कसे मानावे?

मात्र सारे श्रेय तांदळाला देणे घाईचे होईल. १७४ जागा लढवून द्रमुकने १३७ जिंकल्या, तर काँग्रेस पन्नाशीच्या आसपास अडकली. पण मतांची टक्केवारी पाहिली, तर काँग्रेसला सुमारे ४१ टक्के मते होती आणि द्रमुकला त्याहून किंचित कमीच. काँग्रेसने जेमतेम पाच टक्के मते गमावली होती. अण्णादुराई यांचे खरे कसब होते ते नाराजी विखुरू न देण्यात. मार्क्सवादी कम्युनिस्ट आणि राजाजींचा स्वतंत्र पक्ष यांना त्यांनी एकाच मांडवाखाली आणले. मुख्यमंत्री असताना १९५२ मध्ये धान्यावरील नियंत्रणे उठविणारे राजाजी स्वस्त तांदळाच्या आश्वासनाशेजारी उभे राहिले, हे दृश्य मोठे गमतीचे होते. जानेवारीत एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळीबार झाला, त्याची सहानुभूती वेगळीच. टंचाई नसती तर ही आघाडी फिकी पडली असती. आघाडी नसती, तर टंचाईचा राग वेगवेगळ्या पेट्यांत वाटला गेला असता.

एवढे यश अण्णादुराई यांनाही अपेक्षित नसावे. ते स्वतः दक्षिण मद्रासमधून लोकसभेसाठी उभे होते. ती जागा सोडून ६ मार्च १९६७ रोजी ते मुख्यमंत्री झाले. रुपयाला एक माप तांदूळ देण्याची योजना मद्रास आणि कोइम्बतूर या शहरांत सुरू झाली. त्यापुढे ती नेणे राज्याच्या तिजोरीला झेपण्यासारखे नव्हते. राज्याला तमिळनाडू हे नाव मिळाले, द्विभाषा धोरण आले, पुरोहिताशिवायच्या विवाहांना कायद्याची मान्यता मिळाली. तांदूळ मात्र दोन शहरांतच राहिला. आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तंजावरच्या भातपट्ट्यात, कीळवेण्मणी गावी, मजुरीच्या वादातून ४४ दलितांना झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. राज्याच्या तांदळाच्या कोठारात भात पिकविणाऱ्यांचे माप कोणी भरले नव्हते.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांनी दोन रुपये किलोचा तांदूळ आणला. २००६ मध्ये करुणानिधी यांनी तेच आश्वासन दिले, आणि २०११ पासून तमिळनाडूत शिधापत्रिकेवर तांदूळ फुकट मिळू लागला. या साऱ्यांचे मूळ १९६७ च्या त्या मापात आहे.

अण्णादुराई कर्करोगाने आजारी होते. अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊनही आजार बळावला. जानेवारी १९६९ मध्ये नागरकोविलच्या पोटनिवडणुकीत मतदारांनी कामराजांना मोठ्या मताधिक्याने लोकसभेत पाठविले. त्यानंतर महिनाभरातच, ३ फेब्रुवारी रोजी, अण्णादुराई यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लाखो लोक मद्रासला आले. त्यांतील अनेकांच्या गावी रुपयाचे ते माप कधी पोहोचलेच नव्हते.