बिनतारी बोटीचे जनक : निकोला टेस्ला



जत्रेत मिळणारी रिमोटची मोटार आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हातात डबी, डबीवर दोन बटणे, आणि दहा पावलांवर मोटार गर्रकन वळते. मध्ये ना दोरी, ना तार. शेतात औषध फवारणारा ड्रोनही असाच चालतो. यंत्राला लांबून, तारेशिवाय हुकूम द्यायची ही विद्या सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने लोकांना करून दाखवली. त्यासाठी त्याने एक बोट बनवली होती. त्या थोर शास्त्रज्ञाचे नाव निकोला टेस्ला. त्यांचे चरित्र मी माझ्या शब्दांत सांगणार आहे.

बालपण

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान नावाच्या लहानशा खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आता ते क्रोएशिया देशात आहे. वडील सर्ब लोकांच्या चर्चचे पुजारी होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिचे डोके आणि हात फार चालत. घरात लागणारी लहानसहान अवजारे ती स्वतः बनवायची. आपल्याला शोध लावण्याची बुद्धी आईकडून मिळाली, असे टेस्ला मोठेपणी मानत.

छोटा निकोला भारी खटपट्या होता. आपल्याकडे उसाला हुमणी लागते ना, तिच्या भुंगेऱ्यांच्या जातकुळीतले भुंगेरे तिकडेही असतात. निकोलाने ते धरून लाकडी काड्यांच्या फुलीला चिकटवले. ते उडायचा प्रयत्न करू लागले की फुली फिरायची आणि दोऱ्याने जोडलेली चकतीही फिरायची. झाले भुंगेऱ्यांचे इंजिन! पण एक दिवस एक मुलगा आला आणि बरणीतले भुंगेरे चक्क जिवंत खाऊ लागला. निकोलाला एवढी किळस आली, की ते इंजिन तिथेच बंद पडले.

वडिलांना वाटे, मुलाने पुजारी व्हावे. निकोलाला व्हायचे होते इंजिनियर. १८७३ साली त्याला पटकी झाली. नऊ महिने तो अंथरुणावर होता, वाचण्याची आशा नव्हती. तेव्हा वडिलांनी कबूल केले, की तू बरा हो, मी तुला चांगल्या इंजिनियरिंग कॉलेजात घालतो. मुलगा बरा झाला आणि वडिलांनीही शब्द पाळला.

अशक्य म्हणजे काय?

ग्राट्स शहरातल्या कॉलेजात सरांनी एकदा विजेची मोटर चालवून दाखवली. तिच्यातून ठिणग्या उडत होत्या. ठिणग्या पाडणारा भाग काढून टाकूनही मोटर चालवता येईल, असे निकोलाने वर्गात सांगितले. ते कसे अशक्य आहे, हे सरांनी सगळ्यांसमोर समजावून सांगितले. निकोला गप्प बसला, पण त्याने विषय सोडला नाही. काही वर्षे तो त्यावर विचार करीत राहिला. १८८२ साली बुडापेस्ट शहराच्या बागेत मित्राबरोबर फिरताना त्याला एकदम उत्तर सुचले. त्याने तिथेच काठीने मातीत आकृती काढून मित्राला दाखवली.

ते उत्तर म्हणजे ए.सी.वर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, चालणारी मोटर. आपल्या विहिरीवर थ्री फेज लाईट आली की जी मोटर पाणी उपसते, ती याच तत्त्वावर चालते. म्हणजे टेस्ला साहेब आपल्या शेतापर्यंत येऊन पोचले आहेत, फक्त आपल्याला त्यांचे नाव माहीत नसते!

१८८४ साली टेस्ला अमेरिकेत न्यूयॉर्कला उतरले. खिशात होते अवघे चार सेंट. सुरुवातीला त्यांनी एडिसन यांच्याकडे काम केले, पण तिथे जमले नाही. पुढे काही काळ तर त्यांनी मजुरीवर चर खणले. लाजले नाहीत. १८८८ साली त्यांना ए.सी. मोटरचे पेटंट मिळाले आणि वेस्टिंगहाउस नावाच्या उद्योगपतींनी ते घेतले. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ए.सी. विजेचे दिवे लखलखले. १८९६ साली नायगारा धबधब्यावरची वीज बफेलो शहरात पोचली.

आग

पण मधल्या काळात एक मोठे संकट आले. १३ मार्च १८९५ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये टेस्लांची प्रयोगशाळा असलेल्या इमारतीला आग लागली. तेव्हा टेस्ला तिथे नव्हते. मजले कोसळले. यंत्रे, नमुने, वह्या, कागद, सगळे गेले. विमा उतरवलेला नव्हता.

आपल्याला हे समजावून सांगायला नको. कडब्याच्या गंजीला आग लागली तर वर्षाची वैरण जाते आणि घरात कोणी धड जेवत नाही. टेस्लांची तर कित्येक वर्षांची मेहनत गेली होती. त्यांचे वय तेव्हा अडतीस होते. तेही फार खचले. पण त्यांची एक गोष्ट आगीला सापडली नव्हती. यंत्र कागदावर काढण्याआधी ते मनात पूर्ण उभे करण्याची त्यांना लहानपणापासून सवय होती. कोणता भाग कुठे बसतो, हे त्यांना डोळे मिटून दिसायचे. वह्या जळाल्या, पण डोक्यातले शिल्लक राहिले. त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमध्येच दुसरी जागा घेतली आणि पहिल्यापासून मांडामांड सुरू केली. आपली बोट जन्माला आली ती या दुसऱ्या प्रयोगशाळेत.

पाण्यावरचा चमत्कार

त्या काळात रेडिओलहरींची नवलाई होती. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनीही १८९५ साली कलकत्त्यात या लहरींनी, मध्ये तार नसताना, लांबची घंटा वाजवून दाखवली होती. टेस्लांनी विचार केला, लहरींनी घंटा वाजते तर यंत्र का चालू नये?

१८९८ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत तीन-चार फूट लांबीची लोखंडी बोट सोडली. तिच्यावर एक उंच दांडी होती आणि दिवे होते. टेस्ला लांब उभे राहून एका पेटीची मूठ फिरवत, तशी बोट डावी-उजवीकडे वळे, थांबे, दिवे लावी आणि मालवी. लोक थक्क झाले. कोणाला जादू वाटली, कोणाला वाटले की टेस्ला मनाच्या शक्तीने ती चालवतात. कोणी तर म्हणे, बोटीच्या पोटात शिकवलेले माकड बसवले आहे! टेस्लाही गंमत करीत. बोटीला प्रश्न विचारा, असे ते लोकांना सांगत. एकाने ६४ चे घनमूळ विचारले, तर बोटीने चार वेळा दिवा लुकलुकवला. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. उत्तर बरोबर! मूठ अर्थातच टेस्लांच्या हातात होती.

आता बोटीच्या पोटात खरोखर काय होते ते सांगतो. माकड नव्हते. एक बॅटरी होती. एक मोटर मागचा पंखा फिरवायची, म्हणजे बोट पुढे जायची. दुसरी मोटर सुकाणू वळवायची. आणि लहर ओळखण्यासाठी धातूची भुकटी भरलेली एक नळी होती. एरवी ही भुकटी वीज जाऊ देत नाही. रेडिओलहर आली की तिचे कण एकमेकांना धरतात आणि वीज वाहू लागते. पण एकदा धरलेले कण आपण होऊन सुटत नाहीत, म्हणून प्रत्येक हुकमानंतर ती नळी उलटी व्हायची आणि भुकटी मोकळी व्हायची. नळीतून वीज गेली की एक चकती एक घर पुढे सरकायची. एका घराला सुकाणू डावीकडे, पुढच्या घराला सरळ, त्यापुढच्या घराला उजवीकडे. आहे की नाही सोपे? पण सोपे आपल्याला आज वाटते. अमेरिकेच्या पेटंट कचेरीतला वरिष्ठ अधिकारी तर खात्री करायला स्वतः न्यूयॉर्कला आला. बोट डोळ्यांनी पाहिल्यावर ८ नोव्हेंबर १८९८ रोजी पेटंट मंजूर झाले. त्याचा क्रमांक ६१३८०९.

दुसरी बोट

इथे दुसरा कोणी असता तर टाळ्या घेऊन घरी गेला असता. टेस्लांना मात्र आपल्या बोटीतला कच्चा दुवा दिसत होता.

तो समजायला माझाच अनुभव सांगतो. गेल्या जत्रेत मी आणि माझ्या मावसभावाने एकसारख्या दोन रिमोटच्या मोटारी घेतल्या. घरी येऊन अंगणात सोडल्या. मी बटण दाबले तर माझी मोटार पळालीच, पण त्याचीही पळाली! त्याने मागे घेतली तर माझीही मागे आली. आम्ही भांडलो. मग गुरुजींनी सांगितले, की दोन्ही रिमोटची लहर एकच आहे, मोटारीला बिचारीला धनी कोण ते कसे कळणार?

टेस्लांनी हे आधीच ओळखले होते. दुसऱ्या कोणी तशीच लहर पाठवली तर बोट त्याचेही ऐकणार. म्हणून त्यांनी आणखी मोठी बोट बनवली. लहर पकडणारी तार उंच दांडीवर न ठेवता तिची वेटोळी बोटीच्या पोटात बसवली, आणि बोट अशी बंदिस्त केली की पाण्याखालीही जाता यावे. शिवाय एका लहरीऐवजी निरनिराळ्या लहरींची जोडी योजली. ठरलेल्या लहरी एकदम आल्या तरच यंत्र चालणार, एकटी आली तर नाही. जणू दोन किल्ल्यांचे कुलूप. या कुलपाची पेटंटे त्यांना १९०३ साली मिळाली. यंत्राने आपल्याच धन्याचे ऐकावे, हा प्रश्न आज ड्रोन बनवणाऱ्यांनाही सोडवावा लागतो.

बोटीतून पैसा मात्र आला नाही. त्या साली अमेरिकेचे स्पेनशी युद्ध चालू होते, पण आरमाराने बोट घेतली नाही. पुढे ही कल्पना एका सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडली तेव्हा तो हसला, असे टेस्लांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पेटंटाची सतरा वर्षांची मुदत १९१५ साली संपली. नंतर सगळ्या जगाने ती विद्या वापरली. कोणी तिने बॉम्ब टाकले, कोणी तिने पिके राखली. २०१४ साली आपले मंगळयान मंगळाभोवती पोचले, तेही पृथ्वीवरून दिलेल्या बिनतारी हुकमांवर.

अखेरचे दिवस

न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे १९०१ साली टेस्लांनी एक प्रचंड मनोरा उभारायला घेतला. त्यावरून साऱ्या जगाला तारेशिवाय संदेश आणि वीज पाठवायची त्यांची इच्छा होती. पैसे देणाऱ्याने हात आखडला, काम अडले, आणि १९१७ साली मनोरा पाडला गेला. ते कर्जात बुडाले. लग्न केले नव्हते. हॉटेलाच्या खोलीत राहत आणि कबुतरांना दाणे टाकत. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधल्या हॉटेलाच्या खोलीतच ते वारले. वय होते ८६ वर्षे. १९६० साली चुंबकाच्या क्षेत्राची ताकद मोजायच्या एककाला टेस्ला हे नाव दिले गेले. दवाखान्यात एम.आर.आय. मशीनवर दीड टेस्ला, तीन टेस्ला असे म्हणतात, ते यांच्याच नावावरून.

काय घ्यावे?

हे चरित्र वाचताना मला वाटले, टेस्लांची हुशारी आपल्याला सगळीच येणार नाही. पण दोन गोष्टी येतील. जळाले तरी पुन्हा मांडायचे. आणि चालले, टाळ्या पडल्या, तरी पुन्हा उघडून पाहायचे, की यात अजून काय कमी आहे. मला तर यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड वाटते. आपण तक्ता करतो, प्रदर्शनात नंबर आला की माळ्यावर टाकतो.

पालकांना एक नम्र विनंती आहे. बिघडलेले खेळणे, बंद पडलेली बॅटरी (विजेरी) किंवा सेलवर चालणारे घड्याळ भंगारवाल्याला देण्याआधी एक दिवस आमच्या हातात द्या. आम्ही उघडून पाहू. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूला मोठ्यांशिवाय हात लावणार नाही, हा आमचा शब्द. मोडले तर रागावू नका, ते आधीच मोडलेले असेल! कदाचित त्यातून नुसते स्क्रूच निघतील. पण त्यातली मोटर चांगली निघाली, तर पाऊस झाल्यावर पाझर तलावावर या. बोट दाखवू.

— इयत्ता ७ वी