मुंबईच्या सावलीत महाराष्ट्राचा संघ उभा करणारे प्रा. देवधर

जळगाव किंवा धुळ्यातील क्रिकेटपटूला रणजी करंडक स्पर्धेपर्यंत पोहोचायचे असेल तर त्याची वाट महाराष्ट्राच्या संघातून जाते. राज्य एकच असले तरी मुंबई आणि विदर्भ यांचे संघ स्वतंत्र आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे खानदेशातील तिन्ही जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्रात मोडतात. त्यामुळे एका मोसमात महाराष्ट्राच्या वाट्याला किती सामने येतात, यावर जिल्ह्यातील मुलांना मिळणारी संधीही अवलंबून असते. या संघाला पहिली प्रतिष्ठा मिळवून दिली ती प्रा. दिनकर बळवंत देवधर यांनी. त्यांच्या १०१ वर्षांच्या आयुष्यात रणजी स्पर्धेची रचना ठळकपणे तीनदा बदलली आणि तिन्ही वेळा मुळाशी एकच प्रश्न होता : बलाढ्य संघाच्या शेजारी जन्मलेल्या दुबळ्या संघाने काय करायचे?

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. वर्गात संस्कृत आणि मैदानावर क्रिकेट, असा त्यांचा दुहेरी व्यासंग अनेक वर्षे चालला. १९११ मध्ये त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. त्या काळी मुंबईतील धर्मनिहाय संघांच्या स्पर्धेचे वर्चस्व होते. १९२६ मध्ये ऑर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ भारतात आला, तेव्हा मुंबईतील सामन्यात देवधरांनी १४८ धावांची खेळी केली. भारताला कसोटीचा दर्जा मिळून १९३२ मध्ये पहिला सामना झाला, त्या वेळी ते चाळिशीत पोहोचले होते. कसोटी खेळण्याचा योग त्यांच्या नशिबी आला नाही. त्यांचे खरे कर्तृत्व घडले ते त्यानंतर, इतर खेळाडू निवृत्त होतात त्या वयात.

१९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली. पहिल्या मोसमात १५ संघ होते. त्यांची चार विभागांत वाटणी करण्यात आली आणि सामने बाद पद्धतीने झाले. महाराष्ट्र हे राज्य अस्तित्वात येण्यास अजून पाव शतकाचा अवधी होता. जळगाव पूर्व खानदेशचे, तर धुळे पश्चिम खानदेशचे मुख्य ठाणे होते. संघाच्या रूपाने मात्र महाराष्ट्र हे नाव मैदानावर उतरले होते. हा संघ पश्चिम विभागात होता आणि त्याच विभागात मुंबईही होती. पहिली दोन अजिंक्यपदे मुंबईने पटकावली. बाद पद्धतीत एक पराभव म्हणजे मोसमाची अखेर. विभागात मुंबईशी लवकर गाठ पडली, तर वर्षभराच्या तयारीवर एकाच सामन्यात पाणी पडे.

देवधरांनी ही कोंडी फोडली. सांगलीचे विजय हजारे, अष्टपैलू रंगा सोहोनी अशा तरुणांना बरोबर घेऊन त्यांनी संघ बांधला. १९३९-४० च्या मोसमात हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. त्याच वर्षी अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला हरवून महाराष्ट्राने करंडक जिंकला. पुढच्याच मोसमात पुण्यात मुंबईशी सामना झाला, तेव्हा ४८ वर्षांच्या कर्णधाराने २४६ धावा काढल्या. महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांनी उत्तर दिले आणि अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. मद्रासमध्ये अंतिम सामना जिंकून संघाने करंडक राखला. १९४४-४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यानंतर, देवधरांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके झळकावली.

हे वैभव टिकले नाही. हजारे बडोद्याकडे गेले. संस्थानिकांच्या पदरी नोकरी आणि निश्चिंती होती. महाराष्ट्राच्या पाठीशी तसा राजाश्रय नव्हता. १९४२-४३ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला. चांगला खेळाडू घडवावा आणि तो संपन्न संघाने न्यावा, हे दुबळ्या संघांचे जुने दुखणे दोन वेळच्या विजेत्यांनाही चुकले नाही.

त्याच महाराष्ट्राच्या वाट्याला १९४८-४९ मध्ये या विषमतेच्या दोन्ही बाजू आल्या. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम हाकेच्या अंतरावर होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि संघ मैदानाबाहेर गेला. या घटनेत निंबाळकरांवर अन्याय झाला, असे आजही मानले जाते आणि ते खरेच आहे. परंतु त्या एकतर्फी सामन्यातून काठेवाडच्या नवख्या संघाला शिकण्यासारखे काय उरले होते, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. त्याच मोसमाच्या उपान्त्य सामन्यात मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा करून महाराष्ट्राला ३५४ धावांनी हरविले. त्या सामन्यात एकूण २,३७६ धावा झाल्या. काही महिन्यांपूर्वीचा बलवान आता दुर्बळाच्या जागी उभा होता.

खेळाडू म्हणून थांबल्यावर देवधर प्रशासनात राहिले. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, भारतीय नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य अशी पदे त्यांनी भूषविली. १९५७-५८ पासून विभागातील सामने साखळी पद्धतीने होऊ लागले. दुबळ्या संघालाही एका मोसमात अनेक सामने मिळू लागले, ही मोठी सुधारणा होती. मात्र विभागातून पुढे एकच संघ जात असे. १९५८-५९ पासून सलग १५ वर्षे मुंबई अजिंक्य राहिली. साहजिकच पश्चिम विभागातील महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र यांच्यासाठी विभागाबाहेरचे दार बंदच राहिले. महाराष्ट्र देशातील दुसऱ्या क्रमांकाचा संघ असता, तरी ते सिद्ध करण्याची सोय नव्हती.

१९७०-७१ मध्ये प्रत्येक विभागातून दोन संघांना प्रवेश देण्यात आला. त्याच वर्षी अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात झाला. जुन्या नियमानुसार हा सामना होणेच अशक्य होते. महाराष्ट्राचा ४८ धावांनी पराभव झाला. पण अंतर किती कमी आहे, ते देशाला दिसले. १९९२-९३ मध्ये प्रत्येक विभागातून तीन संघ घेण्याचे ठरले आणि महाराष्ट्र पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. त्या वेळी पंजाबने बाजी मारली. त्यानंतर काही महिन्यांतच, २४ ऑगस्ट १९९३ रोजी देवधरांचे निधन झाले. पद्मश्री आणि पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले होते. १९७३-७४ पासून विभागीय संघांसाठी सुरू झालेला देवधर करंडक त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावाने खेळला जाऊ लागला. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली.

बदल पुढेही होत राहिले. २००२-०३ मध्ये विभाग मोडून एलिट आणि प्लेट असे गट करण्यात आले. २०१३-१४ मध्ये तळाच्या 'क' गटातून आलेल्या महाराष्ट्राने उपान्त्यपूर्व फेरीत मुंबईला नमवून अंतिम फेरी गाठली. उलट २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ दाखल झाल्यावर विषमतेची चर्चा पुन्हा सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये झारखंडने नागालँडवर १,००८ धावांची आघाडी घेतली, तेव्हा अनेकांना पुन्हा काठेवाडच्या त्या सामन्याची आठवण झाली असेल.

देवधरांनंतर महाराष्ट्राला करंडक जिंकता आलेला नाही. तीनदा अंतिम फेरी गाठता आली आणि तिन्ही वेळा त्याआधी स्पर्धेचे दार थोडे रुंद झाले होते. ते नुसते रुंद करून दुबळा संघ सबळ होत नाही. त्यासाठी संघ बांधणारा माणूस लागतो, हे देवधरांनी १९४० मध्ये दाखविले. मात्र असा माणूस दर पिढीत लाभत नाही. म्हणून हरलेल्या संघाला पुढचा सामना मिळेल, अशी रचना करावी लागते. मुंबईपुढे महाराष्ट्राची जी अवस्था होती, तीच मोठ्या शहरांपुढे लहान जिल्ह्यांची असते. जळगाव आणि धुळ्याच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलांसाठी या थोर खेळाडूच्या चरित्राचे मोल म्हणूनच विक्रमांपलीकडचे आहे.