ध्रुवापासून जिनिव्हापर्यंत

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले. युद्धकैद्यांसाठी मात्र ते थांबले नव्हते. १९२० चा वसंत उजाडला तरी लाखो सैनिक परमुलखातील छावण्यांतच होते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि हंगेरीचे सैनिक रशियात, थेट सायबेरियापर्यंत विखुरलेले. रशियाचे सैनिक जर्मनीत. त्यांतील कित्येकजण ज्या साम्राज्यासाठी लढले, ते साम्राज्यच दरम्यान नकाशावरून पुसले गेले होते. त्यांना घरी आणायचे तर मॉस्कोतील बोल्शेविक सरकारशी बोलणे भाग होते आणि युरोपातील बहुतेक राष्ट्रे त्या सरकारला मान्यताच देत नव्हती. बोलणार कोण आणि कोणाच्या नावाने? नुकत्याच जन्मलेल्या राष्ट्रसंघाने एप्रिल १९२० मध्ये ही जबाबदारी एका नॉर्वेजियन माणसावर सोपविली. तो मुत्सद्दी म्हणून नव्हे, तर बर्फातून चालत गेलेला संशोधक म्हणून जगाला ठाऊक होता. त्याचे नाव फ्रित्यॉफ नान्सेन.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी आजच्या ओस्लोजवळ झाला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. मज्जासंस्थेवरील प्रबंधाने त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी, १८८८ मध्ये, पाच साथीदारांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. याआधीच्या मोहिमा वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून परतत असत. नान्सेन निर्जन पूर्व किनाऱ्यावरून निघाले. मागे फिरावे असे ठिकाणच नसल्याने पुढे जाणे एवढाच मार्ग उरावा, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे खास बांधणीचे जहाज त्यांनी जाणूनबुजून ध्रुवीय बर्फात अडकू दिले. बर्फाबरोबर वाहत ते ध्रुवाजवळ जाईल, असा त्यांचा तर्क होता. तो पुरता साधत नाही असे दिसताच मार्च १८९५ मध्ये यालमार योहानसेन या एकट्या सोबत्यासह ते कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघाले आणि ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर तिथवर कोणीही गेले नव्हते.

परतीच्या वाटेवर फ्रान्झ योसेफ द्वीपसमूहात दगड आणि वॉलरसच्या कातड्यांनी शाकारलेल्या खोपटात त्या दोघांनी संपूर्ण हिवाळा काढला. एकाच झोपण्याच्या पिशवीत महिनोन् महिने काढूनही ते एकमेकांना ‘अहो-जाहो’च करीत होते आणि ‘अरे-तुरे’वर आले ते वर्षाच्या अखेरच्या रात्री, असे सांगतात. माणसाशी जवळीक साधण्याची नान्सेन यांची चाल ही अशी सावकाश होती. पुढच्या काळात ती त्यांच्या उपयोगी पडली असावी.

राजकारणात ते १९०५ मध्ये ओढले गेले. नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हा त्यांनी नॉर्वेची बाजू परदेशी वृत्तपत्रांतून मांडली आणि डेन्मार्कच्या राजपुत्राने नॉर्वेचे सिंहासन स्वीकारावे म्हणून कोपनहेगनला जाऊन त्याचे मन वळविले. नंतर दोन वर्षे ते लंडनमध्ये नॉर्वेचे राजदूत होते. महायुद्धात नाकेबंदीमुळे नॉर्वेत धान्याची टंचाई झाली, तेव्हा वॉशिंग्टनला दीर्घ वाटाघाटी करून त्यांनी अन्नधान्याचा करार घडवून आणला. दोन सरकारांमधील भांडणाची झळ शेवटी स्वयंपाकघराला कशी लागते, हे त्यांनी तिथे पाहिले.

युद्धकैद्यांच्या प्रश्नाची मेख मॉस्कोत होती. ज्या राष्ट्रसंघाचे सभासद आपल्याला मानत नाहीत, त्याच्याशी व्यवहार करण्यास सोव्हिएत सरकारने साफ नकार दिला. नान्सेन यांनी तत्त्वाचा वाद घातला नाही. मदत देणाऱ्या निरनिराळ्या सरकारांचे प्रतिनिधी म्हणून ते बोलले आणि मॉस्कोने त्यांच्याशी बोलणे स्वीकारले. कोणी कोणाला मान्यता दिली नाही; गाड्या मात्र सुटल्या. बाल्टिक समुद्रातून जाताना रशियन कैद्यांना नेणारी जहाजे परतताना जर्मन, ऑस्ट्रियन आणि हंगेरियन कैद्यांना घेऊन येत. फेरी रिकामी जात नसल्याने खर्चही आटोक्यात राहिला. १९२२ पर्यंत सव्वाचार लाखांहून अधिक माणसे आपापल्या घरी पोहोचली.

हा मार्ग सर्वत्र चालला असता तर नान्सेन यांचे चरित्र फारच सुरळीत झाले असते. १९२१ मध्ये व्होल्गा खोऱ्यात दुष्काळ पडला. अवर्षण होतेच, त्यात यादवी युद्ध आणि शेतकऱ्यांकडून सक्तीने केलेली धान्यवसुली यांची भर पडली. नान्सेन यांनी मॉस्कोशी करार केला आणि राष्ट्रसंघासमोर उभे राहून सरकारांकडे कर्ज मागितले. अमेरिकेत मका अतोनात पिकला होता, जहाजेही रिकामी होती. पण धान्य पाठविले तर बोल्शेविक राजवट टिकेल, ही भीती अनेकांना उपासमारीपेक्षा मोठी वाटली. राष्ट्रसंघाने नकार दिला. मग नान्सेन यांनी खासगी संस्थांकडून पैसे उभे केले, दुष्काळी भागात स्वतः जाऊन छायाचित्रे आणली आणि ती दाखवीत युरोपभर व्याख्याने दिली. मदतीचा फार मोठा वाटा हर्बर्ट हूव्हर यांच्या अमेरिकी संघटनेने उचलला, हेही सांगितले पाहिजे. तरीही सुमारे ५० लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

त्याच वर्षी रशियन निर्वासितांचे उच्चायुक्तपद त्यांच्याकडे आले. क्रांती आणि यादवीतून पळालेले दहा लाखांहून अधिक रशियन युरोपात आणि आशियात पसरले होते. सोव्हिएत सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि एका फटकाऱ्यात ते कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. कागद नाही म्हणून सीमा ओलांडता येत नाही आणि ओलांडलीच तर तुरुंग, अशी त्यांची कोंडी होती. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत नान्सेन यांनी एका साध्या प्रमाणपत्राला सरकारांची संमती मिळविली. तोच ‘नान्सेन पासपोर्ट’. त्यातून ना नागरिकत्व मिळे, ना नोकरीचा हक्क; मुदतही एकच वर्षाची. सरकारांना फारसे काही द्यावे लागत नव्हते, म्हणूनच त्यांनी होकार दिला. हळूहळू पन्नासहून अधिक देशांनी तो मान्य केला. पुढे आर्मेनियन आणि इतर निर्वासितांनाही तो लागू झाला. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की, चित्रकार शागाल यांच्या खिशात हाच कागद होता. कादंबरीकार नाबोकोव्ह यांच्याकडेही होता. त्यांनी मात्र आपल्या आठवणींत त्याविषयी कडवटपणे लिहिले आहे. निर्वासित म्हणून शिक्का बसलेला कागद अधिकाऱ्यासमोर धरणे कोणाला आवडेल?

१९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक नान्सेन यांना मिळाले. त्याच सुमारास त्यांनी हाती घेतलेले काम मात्र आजही वादग्रस्त आहे. तुर्कस्तानात ग्रीक सैन्याचा पराभव झाला, स्मिर्ना शहर जळाले आणि लाखो ग्रीक निर्वासित समुद्रापार लोटले गेले. नान्सेन यांनी दोन्ही राजधान्यांशी बोलून लोकसंख्येच्या अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला. लोझानच्या परिषदेत ३० जानेवारी १९२३ रोजी करार झाला, तो सक्तीचा. भाषा नव्हे, धर्म हा निकष ठरला. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानला. मिळून सुमारे पंधरा लाख माणसांचे गाव कायमचे सुटले. त्यातील बहुसंख्य ग्रीक करारापूर्वीच पळाले होते. या परिषदेत ब्रिटनची बाजू सांभाळणारे होते लॉर्ड कर्झन, ज्यांनी १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली. त्यांनाही हा तोडगा मनातून पसंत नव्हता, तरी तो त्यांनी स्वीकारला. दोन्ही देशांत पुन्हा युद्ध झाले नाही, हे नान्सेन यांच्या बाजूने सांगता येते. परंतु ज्यांच्याविषयी ही बोलणी चालली होती, त्यांना कोणीच विचारले नव्हते. १९४७ पाहिलेल्या आपल्या उपखंडाला या हिशेबात नुसती शांतता दिसणे अवघड आहे.

अखेरची वर्षे आर्मेनियन निर्वासितांसाठी गेली. १९२५ मध्ये ते सोव्हिएत आर्मेनियात गेले आणि पाटबंधारे बांधून पडीक जमिनीवर निर्वासितांना वसविण्याची योजना त्यांनी आखली. राष्ट्रसंघात सर्वांनी तिची वाखाणणी केली, पैसे कोणीच दिले नाहीत. वर्षामागून वर्षे ते हीच मागणी घेऊन उभे राहिले. या प्रवासात त्यांच्या सोबत असलेला एक कर्तबगार तरुण अधिकारी म्हणजे व्हिडकुन क्विस्लिंग. पुढे हिटलरला सामील झाल्यामुळे त्याचे आडनाव युरोपीय भाषांत देशद्रोह्याचा पर्याय बनले.

नान्सेन यांचे निधन १३ मे १९३० रोजी लायसेकर येथील राहत्या घरी झाले. अंत्यविधी झाला तो १७ मे रोजी, नॉर्वेच्या संविधानदिनी. त्यांच्या नावाने राष्ट्रसंघाने काढलेले निर्वासितांचे कार्यालय लहान होते आणि पैशाच्या चणचणीत चालत होते. निर्वासितांकडून पासपोर्टवर चिकटविण्याच्या तिकिटासाठी पाच सुवर्ण फ्रँक घेतले जात. त्यातून गरजू निर्वासितांना साहाय्य मिळे. या कार्यालयाला १९३८ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षअखेर त्याची मुदत संपून ते बंद व्हायचे होते आणि जर्मनीतून, ऑस्ट्रियातून निर्वासितांचे नवे लोंढे सीमांवर येऊन थांबले होते.