वाट शोधणारे डायक्स्ट्रा



शाळेच्या संगणक कक्षात कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेला राउटर तुम्ही रोज बघता. तुम्ही पाठवलेला निरोप लांबच्या गावी पोचेपर्यंत असे कितीतरी राउटर ओलांडतो. आणि गंमत बघा, या सगळ्यांवर कुणी मुख्याध्यापक नसतो. पुढची वाट कोणती, हे प्रत्येक राउटर आपलं आपण ठरवतो. मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत हे ठरवायची जी रीत सर्रास वापरतात, तिचं मूळ एका डच माणसाने १९५६ साली कागद-पेन्सिल न घेता शोधलं. त्यांचं नाव एड्सगर डायक्स्ट्रा. (स्पेलिंगमध्ये मधोमध 'जे' आहे, म्हणून मुलं 'डिजक्स्ट्रा' वाचतात. हसू नका, मीही बरीच वर्षं तसंच वाचत होतो.)

डायक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, आई गणितज्ञ. पण तिने नोकरी कधी केली नाही. मुलाच्या दहाव्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनी जर्मन बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. शाळेत असताना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं काम करावं, असं त्यांच्या मनात होतं. प्रत्यक्षात ते लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे गेले. १९५१ मध्ये केंब्रिजला तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग असल्याची जाहिरात वडिलांच्या नजरेला पडली. मुलगा तिकडे गेला आणि आयुष्याची दिशाच बदलली.

१९५२ पासून ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले. पण मनाला एक टोचणी होती: प्रोग्रॅमिंग हे काही शास्त्र आहे का? इतर विषयांना असतो तसा भक्कम पाया याला कुठे आहे? त्यांनी हे आपले वरिष्ठ व्हान वाइनगार्डन यांच्याजवळ बोलून दाखवलं. संगणक आता राहणारच आहेत, तेव्हा या विषयाला मान मिळवून देणारा माणूस तूच का असू नयेस, असं त्यांनी या तरुणाला सुचवलं. डायक्स्ट्रांनी ते मनावर घेतलं. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत व्यवसाय म्हणून प्रोग्रॅमर लिहायला गेले, तर असा व्यवसायच नाही म्हणून नोंद नाकारली गेली. शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं!

लग्नाच्या आदल्या वर्षी केंद्रात आरमॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता. उद्घाटनाला येणाऱ्या सामान्य लोकांना कळेल असं काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांनी प्रश्न निवडला, नकाशावरच्या दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट कोणती? शहरं घेतली ६४, कारण सहा द्विमान अंकांत तेवढी मावतात. एके दिवशी भावी पत्नी रिया यांच्याबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघं एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घेत बसले, आणि वीसेक मिनिटांत उत्तर डोक्यात तयार झालं.

रीत अगदी साधी आहे. फळ्यावर पाच-सहा गावं काढा आणि रस्त्यांवर अंतरं लिहा. आपण आहोत त्या गावाचं अंतर शून्य. आतापर्यंत ज्या गावांची अंतरं कळली, पण पक्की केली नाहीत, त्यांतलं सर्वांत जवळचं गाव पक्कं करायचं. त्याच्या शेजारच्या गावांना आता कमी अंतरात जाता येतं का ते बघून आकडे सुधारायचे. मग पुन्हा तेच. पक्कं केलेलं गाव परत तपासावं लागत नाही, कारण दुसरी कुठलीही वाट आधी त्याच्याहून लांबच्या गावातून येणार. हे 'का' मुलांना स्वतःला शोधू द्या. डायक्स्ट्रांनी ही रीत १९५९ मध्ये छापली, तीही तीन पानांत.

आता राउटरकडे वळू. 'लिंक-स्टेट' पद्धतीत प्रत्येक राउटर आपले शेजारी आणि त्यांच्यापर्यंतचा खर्च सगळ्यांना कळवतो. त्यातून प्रत्येकाजवळ जाळ्याचा एकसारखा नकाशा तयार होतो, आणि त्यावर प्रत्येक जण डायक्स्ट्रांची रीत चालवतो. नकाशे वेगळे पडले तर निरोप गोल गोल फिरत राहतील. म्हणून खरी काळजी नकाशा सारखा ठेवण्याची.

समजा, एकाच स्विचला दहा राउटर जोडलेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी नकाशा जुळवायचा तर ४५ जोड्या होतात. म्हणून ते आपल्यातला एक प्रमुख आणि एक उपप्रमुख निवडतात. बाकीचे फक्त या दोघांशी जुळवून घेतात आणि जोड्या १७ वर येतात. ओएसपीएफ या प्रोटोकॉलमध्ये निवडणूक 'हॅलो' संदेशांतून होते. प्रत्येकाला ० ते २५५ मधला अग्रक्रम दिलेला असतो. जास्त अग्रक्रमाचा निवडून येतो, बरोबरी झाली तर ज्याचा ओळख क्रमांक मोठा तो. शून्यवाला उभाच राहत नाही. प्रमुख बंद पडला की उपप्रमुख त्याची जागा घेतो. नंतर कितीही मोठ्या अग्रक्रमाचा राउटर आला, तरी बसलेल्याला उठवत नाही. वर्गात वर्षाच्या मध्येच मॉनिटर बदलत नाही तसं. इथे एक गैरसमज हमखास होतो. सगळे निरोप प्रमुखामार्फत जातात, असं मुलांना वाटतं. तसं नाही. त्याच्यामार्फत फक्त नकाशाच्या खबरा जातात.

ही निवडणूक डायक्स्ट्रांची नव्हे, ती दुसऱ्यांनी पुढे घडवली. पण मालक नसलेल्या यंत्रांचा प्रश्न त्यांनीही हाताळला होता. १९७४ च्या छोट्याशा लेखात त्यांनी दाखवलं, की फक्त शेजारी दिसणारी यंत्रं कितीही बिघडलेल्या अवस्थेतून सुरू झाली, तरी मर्यादित पावलांत आपोआप ताळ्यावर येतील असे नियम करता येतात. जवळजवळ दहा वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलंच नाही. १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका व्याख्यानात त्याचं मोल सांगितलं, तेव्हा कुठे लोक जागे झाले.

१९६२ पासून ते आइंडहोवनला प्राध्यापक होते, १९७२ मध्ये त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, आणि १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. त्यांचं शिकवणं मात्र आपल्याला जड गेलं असतं. फळ्यासमोर उभं राहून तिथल्या तिथे विचार करायचा, मध्येच बराच वेळ गप्प राहायचं. परीक्षा तोंडी, एकेका विद्यार्थ्याची काही तास चालणारी. दुसऱ्यांच्या कामावर ते इतकं बोचरं लिहीत, की पुष्कळ लोक दुखावले. मला ते काही वेळा विनाकारण वाटतं. पण स्वतःच्या कामालाही त्यांनी तोच काटा लावला.

६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन इथल्या घरी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या मागे १३०० हून अधिक टिपणं राहिली. त्यांतली बहुतेक फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरात लिहिलेली आहेत. ती टेक्सास विद्यापीठाने स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. शुद्धलेखनाच्या तासाला एखादं पान मुलांना जरूर दाखवा.