डॉ. गोविंदस्वामी : मनोरुग्णालयात मानसशास्त्राला स्थान देणारे चिकित्सक

मनोविकारावरील उपचार केवळ औषधांनी पूर्ण होत नाहीत. रुग्णाचे विचार, भावना, बुद्धी आणि कौटुंबिक परिस्थिती यांचाही शास्त्रशुद्ध अभ्यास करावा लागतो. या कार्याला वाहिलेली शाखा म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्र. अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू करून तिचा पाया घातला. भारतात या शाखेला व्यवसायाचे रूप मिळाले ते बंगळुरूमध्ये. त्यात डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी यांचा मोठा वाटा आहे.

इंग्लंड व अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेले गोविंदस्वामी हे डॉ. फ्रँक नोरोन्हा यांच्यानंतर म्हैसूर संस्थानच्या बंगळुरू येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. वेड्यांचे इस्पितळ म्हणजे रुग्णाला कोंडून ठेवण्याची जागा, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. गोविंदस्वामी यांनी तेथे तत्कालीन नवे उपचार आणले. त्यांपैकी मेंदूवरील ल्युकोटॉमी ही शस्त्रक्रिया पुढे सदोष ठरून मागे पडली. परंतु रुग्णावर उपचार झालेच पाहिजेत, हा आग्रह टिकून राहिला.

उपचारांसाठी प्रशिक्षित माणसे मात्र अत्यल्प होती. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने ही उणीव ठळकपणे मांडली. त्यानंतर १९५४ मध्ये याच रुग्णालयाच्या आवारात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले. १९५५ पासून तेथे डॉक्टरांसाठी मनोविकारचिकित्सेची, तर मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. महाविद्यालयात शिकविला जाणारा विषय अशा रीतीने रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला. मानसिक चाचण्या, निदानास साहाय्य आणि मानसोपचार ही कामे करणारा नवा वर्ग देशात उभा राहू लागला.

ही संस्था व रुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये 'निम्हान्स' ही राष्ट्रीय संस्था आकारास आली. त्याच दशकात बंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यातील सकलवारा येथे तिचे ग्रामीण मानसिक आरोग्य केंद्र सुरू झाले आणि उपचार खेड्यांच्या दारी गेले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची तरतूद केली.

एकाच रुग्णाकडे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून पाहावे, ही आज स्वाभाविक वाटणारी पद्धत भारतात रुजविण्याचे श्रेय गोविंदस्वामी यांच्या पिढीकडे जाते.